अंकुशला फोन न करता रेडीपर्यंत

बुधवारी संध्याकाळी आम्ही दोघं टेम्पोत बसून चहा प्यालो. टेम्पो पडेगावातच, आमच्या दारात उभा होता. इंजिन चालू, गाडी जागेवर. दर बुधवारी दहा मिनिटं इंजिन चालू ठेवावं लागतं, नाहीतर बॅटरी उतरते. मी स्टेरिंगवर, कौसा माझ्या डाव्या हाताला तिच्या सीटवर, पदरात कप धरून. गल्लीतले लोक हसायचे. म्हातारा-म्हातारी सजून बसतात आणि कुठंच जात नाहीत म्हणून.

"कुठपर्यंत आलो?" कौसानं विचारलं.

हा आमचा खेळ होता. कोकणातनं आल्यापासनं ती दर बुधवारी हे विचारायची आणि मी गावाचं नाव सांगायचो. आधल्या बुधवारी जिथं सोडलं त्याच्या पुढचं गाव.

"वेंगुर्ला गेलं मागं. रेडी दिसायला लागली."

"मंग पोचलो म्हणा की."

"पोचलो."

"मंग पुढल्या बुधवारी पयल्यापास्नं," ती म्हणाली आणि तळाचा चहा खिडकीतनं पेरूच्या बुंध्यात ओतला. मी इंजिन बंद केलं.

गुरुवारी पहाटं ती उठली नाही. एवढंच आहे ते. दम लागला नाही, हाक मारली नाही. मी चहा ठेवून हलवायला गेलो तर गार होती.

आता काही लोक म्हणतात, म्हाताऱ्यानं तिला दुखण्यात समुद्र दाखवायला नेलं आणि तिथंच तिचं काळीज ढिलं झालं. पाठीमागं म्हणतात. त्यांनी हे वाचावं. आणि ज्यांना जायचंय पण पोरं जाऊ देत नाहीत, त्यांनी तर वाचावंच. मी चौथी शिकलेला माणूस. सूनबाई सुनीता शाळेत बाई आहे, ती म्हणाली, "दादा, लिहून काढा, शुद्धलेखन मी बघते." तिनं शुद्धलेखन बघितलं आणि शिव्या काढल्या. दोन मी परत घातल्या होत्या, त्याबी तिनं शोधून काढल्या.

निघायच्या आधी

आम्ही मेंढरावाले. माझं लहानपण गंगापूरच्या खाली गोदाकाठाला कळपामागं गेलं आणि कौसाचंबी. लग्न झालं तेव्हा आमचं सगळं घर एका घोड्याच्या पाठीवर मावत होतं. भांडी डाव्या बाजूला, अंथरूण उजव्या, वर कोंबड्या पाय बांधून. महिन्याला चार गावं बदलायचो. पुढं कळप राहिला नाही. मी गाडी शिकलो, पडेगावात दोन खोल्या झाल्या, तीस वर्षं टेम्पो चालवला. कौसानं कधी कुरकुर केली नाही. एकदाच म्हणाली, "तीस वर्सं एकाच खिडकीतनं बघायलेय मी."

समुद्राचं वेड तिच्या बापानं लावलं. म्हातारा एका हिवाळ्यात नगरकडच्या पाहुण्यांबरोबर कळप घेऊन घाट उतरला होता. परत येऊन सांगायचा, तिकडं असं पाणी आहे की पल्याड काठच नाही, आणि चवीला खारट. अख्खा वाडा, म्हणजे कळपाबरोबर हिंडणारी सगळी बिऱ्हाडं, त्याला खोटारडा म्हणायचा. म्हातारा मरेपर्यंत म्हणत राहिला. कौसाला तेवढं बघायचं होतं, बाप खोटा होता का खरा.

गेल्या साली तिच्या काळजाची झडप खराब निघाली. डॉक्टर म्हणाला, जिना चढू नका, ओझं उचलू नका. त्याच आठवड्यात तिनं मला टेम्पोच्या मागच्या डब्यात नेलं आणि बोट दाखवत गेली. हितं फळी, हितं पाण्याचा ड्रम, हितं शेगडी, हितं पीठ. भांडी डाव्या बाजूला, अंथरूण उजव्या. मी म्हणालो, "ही तर घोड्याची पाठ झाली." ती म्हणाली, "मंग काय विमानाची करू?" मुकुंदवाडीच्या वेल्डिंगवाल्यानं आठ दिवसांत खिडकी, केबिनकडं बोलायला एक झरोका आणि पायरी करून दिली.

पोरगा अंकुश भडकला. त्याचं म्हणणं टेम्पो विकून टाका, दारात जागा होईल, तुमचं वय बहात्तर, मायचं काळीज असं, आणि तुम्ही चाललाव हिंडायला. एक गिऱ्हाईकबी त्यानं बघून ठेवलं होतं.

"दोन दिसांत तुमचा फोन येईल," तो म्हणाला, "अंकुश, न्यायला ये म्हणून."

"आला तर विक टेम्पो," कौसा म्हणाली. "आन् नाही आला तर पुन्हा इकायचं नाव काढायचं नाय. शेवटपत्तोर जाणार. महाराष्ट्र जिथं संपतो तिथपत्तोर."

"माय, रस्त्यात काय झालं तर?"

"घरात बसून काय व्हायचं थांबणार हाय का रे?"

संक्रांत झाल्यावर निघालो. जवारीचं पीठ, ठेचा, लग्नातली घोंगडी आणि एक कोंबडी. घोंगडी आमच्याच मेंढरांच्या लोकरीची, माझ्या सासऱ्यानं विणून घेतलेली. कोंबडी कशाला म्हणून मी विचारलं नाही. बिऱ्हाड हललं की कोंबडी पाहिजेच.

रेवदंडा

पुण्याचं काही लिहीत नाही. आम्हाला तिथं गाड्यांशिवाय काही घावलं नाही. घाटात कोंबडीनं ओकल्यासारखं केलं आणि दोन दिवस अंडं दिलं नाही.

रेवदंड्याला नारळाच्या बागेतनं एक बोळ गेला आणि बोळाच्या तोंडाला एकदम सगळं उघडं. मी गाडी थांबवली. कौसा उतरली, वाळूत चालत गेली, पाण्याच्या आधी दहा पावलं थांबली. डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, मग समोर. लई वेळ समोर.

"अवो, तुमची लांबची नजर चांगली हाय. पल्याड काय दिसतंय का?"

"नाय."

"नीट बघा. झाड, डोंगर, काय बी."

"कौसे, काय बी नाय. आभाळ हाय."

मग ती वाकली, बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि थुंकली. पदरानं तोंड पुसलं आणि समुद्राकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाली, "आण्णा, बरोबर होतं तुमचं!"

चार पर्यटक बघायला लागले. बघू देत. माझा सासरा चाळीस वर्षांनी खरा ठरला होता.

मुक्कामाची रीत

आमची रीत अशी की दुसऱ्याच्या वावरात उतरायचं तर मालकाला विचारून. आणि निघताना काहीतरी ठेवून. पूर्वी मेंढरं रात्रभर बसायची, लेंड्यांचं खत व्हायचं, शेतकरी वरनं धान्य द्यायचा. मेंढरं नाहीत म्हणून रीत सुटत नाही.

मुरुडच्या अलीकडं एका सुपारीच्या वाडीत मी विचारायला गेलो. मालक अर्ध्या चड्डीत आणि बनियनवर, हातात कोयती.

"गाडीत झोपणार?" तो म्हणाला. "का हो, घरात काय साप आहेत?"

"घर आमचं पडेगावला हाय."

"ते कुठं आलं?"

"संभाजीनगर. दौलताबादच्या वाटंवर."

"बरं, लावा गाडी. माडाखाली नका लावू पण. नारळ तुमच्या टपावर पडला तर तुम्ही ओरडाल, डोक्यावर पडला तर मला पोलीस येतील."

कोकणी माणूस आधी नकार दिल्यासारखा बोलतो आणि मग सगळं देतो. आमच्याकडं उलटं. आधी "या, बसा, जेवा," आणि काम निघालं की माणूस शेतात गेलेला असतो. सकाळी कोंबडीनं पहिलं अंडं दिलं. कौसानं ते मालकिणीच्या हातावर ठेवलं.

"हे काय, भाडं?" मालकीण हसायला लागली.

"भाडं नाय बाई, रीत हाय."

बाईनं अंडं उजेडात धरून बघितलं, आत गेली आणि चार नारळ, एक फणसाच्या पापडाचा गठ्ठा आणि सोलकढीचा तांब्या घेऊन आली. सोलकढी चांगली होती. ताक मात्र नव्हे ते. मी तसं तोंडावर सांगितलं, तर कौसानं मला पायानं ढोसलं.

पुढं सगळीकडं हेच झालं. अंडं द्यायचं आणि टेम्पो भरायचा. दिघीला पलीकडं न्यायची फेरीबोट असते, गाड्या सरळ आत चढवतात. टेम्पो बोटीत गेला तेव्हा मी ब्रेक दाबूनच बसलो, जमिनीशिवाय गाडी कधी उभी केली नव्हती. तिकीटवाल्यानं खिडकीतनं कोंबडी बघितली.

"हिचं तिकीट?"

"फाडा," कौसा म्हणाली, "पण ती खिडकीजवळ बसंल."

रोज दुपारी अंकुशचा फोन यायचा. कुठं पोचलाव एवढंच विचारायचा, पण आवाजात वाट बघणं असायचं. कौसा सांगायची, श्रीवर्धन झालं. हरिहरेश्वर झालं. आज केळशी. तो म्हणायचा, बरं. फोन ठेवला की ती पोरीसारखी हसायची.

कर्दे

आता चूक सांगतो. माझी चूक आहे, कुणावर ढकलत नाही.

दापोलीच्या खाली कर्दे म्हणून गाव आहे. आम्ही सकाळी अकराला पोचलो तर समोर एवढी रुंद, सपाट, टणक वाळू की मला जायकवाडी आठवली. आमच्याकडं धरणाचं पाणी हिवाळ्यात उतरतं, तळ उघडा पडतो, त्यावर आम्ही कळप घेऊन महिना महिना उतरायचो. चूल पार पाण्याच्या कडेला मांडायची, घागर भरायला बरं. उतरलेलं पाणी पुढच्या पावसाळ्याशिवाय वर येत नाही. आमच्या बघण्यात कधी आलेलं नाही.

तसाच टेम्पो थेट खाली नेला, पाण्यापासनं पंधरा पावलांवर तोंड गावाकडं वळवून लावला. कौसानं तीन दगड मांडले, भाकरी केल्या, भरलं वांगं केलं. कोंबडीला टेम्पोच्या मागच्या कडीला बांधलं. जेवलो आणि टेम्पोच्या सावलीत मी आडवा झालो.

"अवो," कौसा म्हणाली, "पाणी जवळ आल्यागत वाटतंय."

"वाऱ्यानं आलं आसंल."

"वारा कुठाय?"

"पड गुमान."

मग चूल फिस्स करून विझली. उठून बघतो तर पाणी चुलीत, कोंबडी टायरवर चढून बोंबलत होती आणि मागची चाकं निम्मी वाळूत. मी गाडी चालू केली, पायडल दाबलं, चाकं जागेवर फिरली आणि अजून खाली गेली. खाली उतरलो तर पाणी घोट्याला.

तेवढ्यात फोन वाजला. अंकुश. कौसानं उचलला. साडी एका हातानं वर धरलेली.

"माय, कुठं हाव?"

"समुद्रात."

"म्हंजे काठावर ना?"

"काठच हाय रे. काठ जरा हिंडायलाय."

"काय?"

"काय नाय. जेवण झालं. ठेव."

आणि फोन बंद करून तिनं तो पिठाच्या डब्यात घातला. मी म्हणालो, "कौसे, फोन दे." ती म्हणाली, "कशाला?" तेव्हा मला कळलं की मी खरंच अंकुशला फोन लावायला हात पुढं केला होता.

काठावर मासे वाळवणाऱ्या कोळणी होत्या. त्यातली एक उंच, दांडगी बाई ओरडत आली, मागं सहा-सात माणसं. नाव तिचं मंजुळा, हे नंतर कळलं.

"ओ आजोबा! भरती-ओहोटी कळत नाय काय तुमच्यात?"

"आमच्यात पाणी रोज वर-खाली करत नाय. वर्सातनं एकदा चढतं, एकदा उतरतं."

"म्हणजे तुमच्या समुद्राला एकच दिवस काम!" ती म्हणाली, आणि सगळी माणसं त्या पाण्यात उभी राहून हसली. मग तिनं पदर खोचला. "सगळ्यांनी ढकला. चाकाखाली घालायला काय हाय का? गोणपाट, फळी?"

फळ्या मी ठोकून बसवलेल्या, निघाल्या नसत्या. मी इकडं तिकडं बघत होतो तोवर कौसा डब्यातनं घोंगडी घेऊन उतरली.

"ती नाय," मी म्हणालो. "ती लग्नातली हाय."

"मेंढराची हाय," ती म्हणाली. "मेंढरं काय चिखलात जात न्हवती?" आणि स्वतः वाकून चाकाखाली कोंबायला लागली. मी तिच्या हातातनं घेऊन मागच्या चाकांखाली पसरली.

आता ढकलायला माणूस कमी पडत होता. मी मागं गेलो तर गाडी कोण चालवणार? कौसानं विचारलंच नाही. दार उघडलं आणि माझ्या सीटवर चढली.

हे नीट सांगायला पाहिजे. कौसाला गाडी येत नव्हती. पण बॅटरी उतरली की पडेगावच्या गल्लीत मी टेम्पो ढकलायचो आणि ती आत बसून क्लच सोडायची. तीस वर्षं. इंजिन पकडलं की मी पळत जाऊन वर चढायचो आणि ती बाजूला सरकायची. तेवढंच तिला येत होतं.

"क्लच दाब!" मी मागून ओरडलो. "पयला गेर! मी म्हणलं की सोड, हळू!"

"तीस वर्सं सोडायलेय, मला सांगू नका!"

मंजुळानं आरोळी दिली. सगळ्यांनी रेटा दिला. पाणी माझ्या मांडीला, तोंडात मीठ. "सोड!" कौसानं क्लच सोडला, चाकांनी घोंगडीत दात रोवले, टेम्पो हादरला, घसरला, परत धरला आणि एकदम सुटला. आम्ही सगळे पाण्यात आपटलो. उठून बघतो तर टेम्पो ओल्या वाळूवरनं चाललाय, कोरड्या वाळूवरनं चाललाय, मागं कोंबडी दोरीला बांधलेली फडफडत उडतेय, आणि टेम्पो काही थांबत नाही. तिला थांबवायचं कुणी शिकवलंच नव्हतं. गल्लीत मीच थांबवायचो. वर जाऊन टेम्पो एका सुरूच्या झाडाच्या कुंपणात घुसला, दोन हिसके दिले आणि बंद पडला.

मी पळत गेलो. बहात्तर वर्षांचा माणूस ओल्या धोतरात किती पळतो तेवढा पळालो. मंजुळा माझ्या पुढं गेली होती. कौसा स्टेरिंग धरून बसलेली, ओठ निळे, श्वास भात्यासारखा. तिनं एक बोट वर केलं, थांबा म्हणून. कनवटीतनं गोळी काढून जिभेखाली ठेवली. मी पिठाच्या डब्याकडं निघालो. फोन करणारच होतो. टेम्पो गेला तर गेला.

"अवो," ती म्हणाली. आवाज लई बारीक. "डब्याला हात लावू नका."

"कौसे, तुला काय झालं तर मी काय करू?"

"मी काढली का नाय गाडी?"

"काढली."

"समुद्रातनं काढली का नाय?"

"काढली, बाई, काढली."

"मंग गप बसा जरा."

थोड्या वेळानं ओठांना रंग आला. मंजुळानं तिला घरी नेलं, कोरडं लुगडं नेसवलं, भात आणि कसली तरी माशाची कढी घातली. घोंगडी दोघा गड्यांनी पाण्यातनं ओढून आणली, दोन जागी फाटली होती, वाळूनं गोणीसारखी जड. मंजुळा येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून सांगत होती, "ह्या आजीनं टेम्पो चालवत दर्यातनं काढलान. येत नसताना!" रात्री त्यांच्याच अंगणात राहिलो. दुसऱ्या दिवशी कोंबडीनं भीतीनं अंडं दिलं नाही. म्हणून कौसानं अर्धा डबा पीठ ठेवलं.

दापोली

सकाळी मंजुळा आमच्याबरोबर टेम्पोत बसून दापोलीला डॉक्टरीणबाईकडं आली. डॉक्टरीण तरणी, कडक. यंत्र लावून बघितलं, कागद बघितले.

"आजी, तुम्ही घरी जायला पाहिजे."

"जाणारच हाय. किती दिसांच्या गोळ्या देताव?"

"पंधरा दिवसांच्या देते. पण घरी."

"पंधरा दिसांत रेडी होतीया का हो?" कौसानं मला विचारलं. डॉक्टरीण माझ्याकडं बघायला लागली. मी म्हणालो, "बाई, तुम्ही खरं सांगा. घरी बसली तर ही जास्त दिवस राहील का?"

तिनं कागद परत एकदा चाळले. मग म्हणाली, "झडप ऑपरेशनशिवाय सुधारणार नाही. ऑपरेशन या वयात ठरवणं सोपं नाही. धावपळ नको, मीठ कमी, सुकी मासळी बंद, चढ चढायचा नाही. आणि गाडी ढकलायची नाही."

"ढकलली नाय," कौसा म्हणाली, "चालवली."

मी हे इथं लिहितो कारण लोक मला विचारतात. डॉक्टरनं सांगितलं होतं की नव्हतं? सांगितलं होतं. आम्ही दोघांनी ऐकलं, बाहेर येऊन बाकावर बसलो. मी म्हणालो, परत फिरू. ती म्हणाली, "मला ह्यो रस्ता अर्धा टाकून मरायचं नाय." मग मी गाडी दक्षिणेला वळवली. माझ्या हातानं वळवली.

जयगड, मालवण, आणि मधलं

पुढं हळू गेलो. दिवसाला एक गाव, कधी दीड. पाण्याच्या कडेला टेम्पो नेला नाही, आधी माणसाला विचारायचो, भरती कधी? लोकांना वाटायचं मी मासे धरणारा आहे. जयगडची खाडी ओलांडताना डॉल्फिन दिसले. मी म्हणालो म्हशी पोहतायत. खरंच पाठी तशाच दिसतात.

सुकी मासळी तिला बंद होती. मी खाल्ली. तिच्यासमोर खाल्ली, तिनंच भाजून वाढली. आता आठवलं की घास अडकतो. तेव्हा चांगला उतरत होता.

मालवणला एका घराच्या पडवीत मुक्काम झाला. घरमालकीण कौसाच्या वयाची. भाकरीवर ठेचा तिनं बोटभर घेतला.

"अगो बाय माझे! ह्या काय गो? निखारो?"

"थोडा कमी तिखट केलाय," कौसा म्हणाली.

त्या बाईचे डोळे गळत होते आणि ती खात होती. तांदळाची भाकरी आमच्या जवारीच्या भाकरीपुढं पोरकट वाटते, हे मी तिथं बोललो. मालकीण म्हणाली, "तुमची भाकरी म्हंजे कौल!" दोघी मला हसल्या. समुद्राच्या वाऱ्यात बसून दोन म्हाताऱ्या, एकीची बोली दुसरीला निम्मी कळत नाही, आणि तरी संध्याकाळपर्यंत सासवांच्या तक्रारी संपल्या नाहीत.

मालवणपासनं पुढं समुद्र हिरवा होत जातो. कौसा खिडकीत हनुवटी टेकून बसायची. मध्येच म्हणायची, "खिडकी बदलली बघा."

रेडी

निघाल्यापासनं अठराव्या दिवशी रेडीच्या खाली तेरेखोलच्या खाडीवर आलो. रस्ता संपला. काठावर एक माणूस जाळं शिवत बसला होता.

"दादा, महाराष्ट्र हितंच संपतो का?" कौसानं विचारलं.

"हय. थय पलीकडे गोंया."

"म्हंजे हिथं पल्याड काठ हाय."

"खाडीक आसा. दर्याक नाय."

तिला ते पटलं. चप्पल काढून ठेवली, पाण्यात उतरली, मी बाजूला उभा. तिनं पिठाचा डबा मागवला. फोन काढला, पदरानं पुसला.

"अंकुश, रेडीला हाय. संपलं. पुढं गोवा."

मग तो म्हणाला, "माय, बरी हाईस ना?"

"बरी हाय."

"न्यायला येऊ?"

"तू कशाला येतूस? गाडी हाय की आमच्यापाशी."

फोन ठेवला आणि कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. मी तिला लग्नात बघितलं, पोरगा झाला तेव्हा बघितलं, कळप विकला तेव्हा बघितलं. अशी उभी राहिलेली कधी बघितली नव्हती. जाळंवाला म्हणाला, "आजयेक जिंकल्यासारख्या वाटता." मी म्हणालो, जिंकलीच हाय.

पडेगाव

अंकुश फाटकात उभा होता. त्यानं आम्ही आणलेल्यातलाच एक नारळ टेम्पोच्या चाकापुढं फोडला आणि म्हणाला, "गिऱ्हाईकाला नाय म्हणून सांगितलं." त्यानंतर विकायची गोष्ट निघाली नाही. कौसानं घोंगडी शिवली, दोनदा धुतली. वाळू येतच राहिली. ती पाच महिने जगली आणि रोज एकाला तरी सांगायची, टेम्पो कसा काढला. थांबवता आला नाही हेबी सांगायची.

मग तो बुधवार आला, आणि गुरुवार.

गुरुवारी दुपारी तिला पोचवून आलो. घर पाहुण्यांनी भरलेलं. शुक्रवारी सकाळी अंगणात सतरंजीवर सगळे बसले होते, शेजारणीनं भाकरी आणल्या होत्या, कुणी खात नव्हतं. मी उठलो, चावी घेतली, टेम्पोत बसलो आणि इंजिन चालू केलं. माझी मेहुणी म्हणाली, "म्हाताऱ्याचं डोकं फिरलं." कुणीतरी तिला गप्प केलं.

अंकुश आला. डावीकडचं दार उघडलं.

"दादा, आज बुधवार नाय."

"ठाऊक हाय. ती सीट सोड. मागं बस."

तो मागं गेला आणि फळीवर घोंगडीवर बसला. इंजिन चालू होतं. पेरूचं झाड काचेत थरथरत होतं.

"दादा," थोड्या वेळानं तो मागून म्हणाला, "यात अजून वाळू हाय."

"असू दे."

मला वाटलं रडत असंल. त्यानं नाक ओढलं आणि म्हणाला, "कुठपर्यंत आलो?"

तो स्वयंपाकघराच्या खिडकीतनं ऐकत असणार, इतके दिवस. तिच्या म्हणण्यानं पहिल्यापासनं धरायचं होतं. रेवदंडा म्हणायला पाहिजे होतं मी.

"कर्दे," मी म्हणालो. "पाणी चढायलंय. घोंगडी धर घट्ट."

"धरली."

दहा मिनिटं झाली तरी इंजिन बंद केलं नाही.